मंगळवारची सकाळची शाळा

रायखेडी, जि. धुळे
बुधवार, ४ फेब्रुवारी २०२६

आदरणीय बाई,
साबेराचा नमस्कार.

फोनच करणार होते. पण तुमचे नवलदादा म्हणाले, फोन कानाला लावला की आईचं ऐकायचं मशीन शिट्टी मारतं आणि माझ्या मोबाइलवर मेसेज केलास तर आधी आम्ही सगळे वाचणार. "त्यापेक्षा पत्र टाक. पत्र आलं की आई दोन दिवस खूश असते." म्हणून हा कागद. माझ्या ओळी अजून उजवीकडे उतरतात, ते तुम्हाला दिसेलच.

आठ नंबर वॉर्डातून मी निवडून आले हे तुम्हाला कळलं असेल. आता नगरपरिषदेच्या शिक्षण समितीची सभापतीही झाले. दुकानात बायका हात पुढे करतात आणि बांगड्या भरता भरता शाळेचं छत गळतं ते सांगतात. आमचे असलम विचारतात, "तू बांगड्या भरतेस की अर्ज?"

आता वाईट बातमी. आपली चार नंबर शाळा बंद करायचं चाललंय.

गावातल्या सात शाळांचा नवा आराखडा झाला. त्यासाठी बाहेरून एक पथक येऊन प्रत्येक शाळेतली मुलं मोजून गेलं. आपल्या शाळेत ते २० जानेवारीला आले, दुपारी साडेबारा वाजता. मंगळवार! बाजाराचा दिवस! शाळा अकरालाच सुटलेली. आईबाप बाजारात म्हणून मागे थांबलेली एकोणीस पोरं व्हरांड्यात खेळत होती. पथकाने लिहिलं: पटावर ११२, हजर १९, पट बोगस. आता मुलं हायवेपलीकडच्या एक नंबर शाळेत पाठवायची आणि आपल्या जागेवर दुकानांचं संकुल बांधायचं. बाजारातल्या बायका हायवे ओलांडून मुली पाठवणार नाहीत, हे मला कोणी वेगळं सांगायला नको.

मुख्याध्यापक प्रेमराज सरांनी पथकाला सांगून बघितलं की मंगळवारी आमची शाळा सकाळी साडेसात ते अकरा असते. ते म्हणाले, मंजूर वेळापत्रकात तर साडेदहा ते पाच आहे, बदलाचा ठराव दाखवा. सरांकडे ठराव नाही. ते म्हणतात, आधीच्यांनी चालवलं तेच मी चालवलं. आता त्यांच्यावरही बालंट आलंय.

सकाळची शाळा तुम्ही सुरू केलीत. ठराव क्रमांक आणि तारीख तेवढी कळवा, मी प्रत काढून घेते. सर्वसाधारण सभा ९ मार्चला आहे. त्याआधी हा कागद हाती हवा.

तुमची विद्यार्थिनी,
साबेरा


जळगाव
९ फेब्रुवारी २०२६

चि. साबेरा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. ओळी उतरतात हे खरं, पण विरामचिन्हं जागच्या जागी आहेत, म्हणून गुण कापत नाही. सभापती झालीस याचा फार आनंद झाला. सुनेला बोलावून सांगितलं, ही माझ्या शाळेत पहिलीला आली तेव्हा डब्यात भाकरीबरोबर फुटक्या बांगड्यांचे तुकडे आणायची आणि मधल्या सुट्टीत त्यांची नक्षी मांडायची.

शाळेबद्दल वाचून मन थाऱ्यावर नाही. आपली घंटा अजून तीच आहे ना? रेल्वेच्या रुळाचा तुकडा. ती वाजली की बाजारातल्या शेवटच्या पाटीपर्यंत ऐकू जायची.

ठराव १९९०-९१ च्या सुमाराचा. क्रमांक आता आठवत नाही. जुन्या दप्तरात बघ. नाही सापडला तर त्यावर अडून राहू नकोस. हायवेचा मुद्दा जास्त मोठा आहे, तो लावून धर.

इकडे थंडी ओसरली. नवलच्या गच्चीवर वांगी लावली आहेत, भरिताची. बाजारातल्यापेक्षा लहान झाली, पण चव आहे.

तुझी,
वच्छलाबाई


रायखेडी
सोमवार, १६ फेब्रुवारी २०२६

आदरणीय बाई,
नमस्कार.

तीन दिवस दप्तरखान्यात बसले. १९८९ पासून १९९३ पर्यंतची सगळी इतिवृत्तं पान पान उलटली. शिंकून शिंकून नाक लाल झालं. शिक्षण विभागाचे क्लार्क गिरधरभाऊ गठ्ठे काढून देत होते. तुम्हाला आठवत असतील, माझ्यापुढे दोन इयत्ता होते, आई भिकुबाई मेथी-कोथिंबीर विकायची. अजूनही विकते.

तुमचे तीन अर्ज मात्र सापडले! जून, ऑगस्ट आणि ऑक्टोबर १९९०, तुमच्या अक्षरात, आवक नोंदवहीत नोंदीसकट. "मंगळवारी बाजारामुळे साठाच्या वर मुले गैरहजर राहतात, तरी त्या दिवशी शाळा सकाळी भरवण्यास परवानगी मिळावी." तिन्हींवर एकच शेरा, "पुढील सभेत ठेवणे." त्यानंतर काही नाही. १९९१ च्या एका वहीची मधली चार पानं निसटलेली आहेत.

मी गिरधरभाऊंना विचारलं, "अर्ज आहेत, मग ठराव कुठे गेला?" ते म्हणाले, "जुनं दप्तर आहे, मॅडम." मी म्हटलं, "तुम्हाला ठाऊक असेल ना काही?" ते गठ्ठ्याची गाठ बांधत राहिले. एवढा बोलका माणूस! बाई, मला यात काळंबेरं दिसतंय. संकुल व्हावं असं वाटणारे इथे थोडे नाहीत. नगरपरिषदेच्याच बाजार समितीचे सभापती सुपडूनाना तर गाळ्यांचे नंबरसुद्धा बोलून दाखवतात.

जरा आठवून बघा. सभेला कोण कोण होतं? महिना कोणता?

साबेरा


जळगाव
२० फेब्रुवारी २०२६

चि. साबेरा,
आशीर्वाद.

तुमचे रोजे कालपासून सुरू झाले ना? उन्हं चढू लागली आहेत. दप्तरखान्यात धूळ खात बसू नकोस.

पस्तीस वर्षांपूर्वीचा महिना कसा सांगू? त्या खोलीत तेव्हा पावसाचं पाणी शिरायचं, उंदीर होते. कागद गहाळ होतात. ते अर्ज तू जपून ठेव, त्यांतच सगळं आलं.

गिरधरला त्रास देऊ नकोस. तो चांगला मुलगा आहे.

डोळे दुखतात, म्हणून इथेच थांबते.

वच्छलाबाई


रायखेडी
शुक्रवार, २७ फेब्रुवारी २०२६

आदरणीय बाई,
नमस्कार.

तुमचं "कागद गहाळ होतात" वाचलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. २५ तारखेच्या शिक्षण समितीच्या बैठकीत मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "ठराव झालेला आहे. तेव्हाच्या मुख्याध्यापिका सांगतात. दप्तर सांभाळणाऱ्यांनी तो हरवला किंवा कोणाच्या तरी सोयीसाठी हरवू दिला." आणि बघितलं गिरधरभाऊंकडे.

मला वाटलं होतं, ते चिडतील, भांडतील. ते उभे राहिले. खाली बघून म्हणाले, "माझ्याकडूनच गहाळ झाला असेल, मॅडम."

एवढंच. मुख्याधिकाऱ्यांनी त्यांना कारणे दाखवा नोटीस दिली.

काल बाजारपेठेतून जाताना भिकुबाईने मला हाक मारून थांबवलं. हातात कोथिंबिरीची जुडी होती, ती माझ्यासमोर हलवत चार बायकांच्या देखत म्हणाली, "काय वं साबेरा, मन्हा गिरधरनी कागद खादा का? तो काय बकरी शे?" बायका हसल्या. मीपण वरवर हसले. ही बाई दर ईदला पहिली जुडी माझ्या घरी पाठवते.

पण शाळा वाचते आहे, बाई! आता नीट ऐका. ठराव आमच्याकडून गहाळ झाला असं कार्यालयाने स्वतःच मान्य केलंय. मुख्याधिकारी म्हणतात, तेव्हाच्या मुख्याध्यापिकेने सहीनिशी लिहून दिलं की १९९१ साली ठराव झाला होता आणि मी त्याची प्रत पाहिली होती, तर ९ मार्चच्या सभेत तेवढं पुरेल. पट बोगस हा शेरा निघेल. शाळा आराखड्यातून सुटेल.

दोन ओळी लिहायच्या आहेत. स्पीड पोस्टने पाठवा.

गिरधरभाऊंचं मी नंतर बघते. एखादी वेतनवाढ थांबेल, नोकरी जाणार नाही. असं मी स्वतःला सांगते आहे.

साबेरा


जळगाव
३ मार्च २०२६

चि. साबेरा,

हे पत्र एकटी असताना वाच.

ठराव झालाच नाही. कधीच झाला नाही.

मी तीन अर्ज केले ते तू पाहिलेस. तिसऱ्या वेळी मी स्वतः कार्यालयात गेले होते. तेव्हाचे प्रशासन अधिकारी म्हणाले, "बाई, पोरं बाजारात कामाला येतात, तुम्ही कशाला जीव काढता? पुढच्या सभेत बघू." बाहेर आले तर मंगळवारच होता. शाळेच्या भिंतीला लागून बांगड्यांच्या पाटीमागे तू बसली होतीस. सात वर्षांची. पाटीपुढच्या धुळीत बोटाने बेरीज करत होतीस आणि हातचा विसरली होतीस. पलीकडे गिरधर जुड्या बांधत होता. त्या दिवशी हजेरी घेताना साठ नावांना कोणी 'हजर' म्हटलं नाही.

पुढच्या मंगळवारी सकाळी साडेसातला मी स्वतः घंटा वाजवली. शिक्षकांना सांगितलं, ठराव झाला. पालकांना सांगितलं, ठराव झाला. कोणी प्रत मागितली नाही. वच्छलाबाई खोटं बोलत नाहीत, अशी माझी गावात ख्याती होती. त्या ख्यातीवर मी ते एक खोटं एकोणीस वर्षं चालवलं आणि माझ्यानंतर सतरा वर्षं ते आपोआप चाललं. एका शिक्षक दिनी मला शिस्तीबद्दल शाल मिळाली. ती मी कधी पांघरली नाही.

आता गिरधरचं. २००९ साली मी निवृत्त होताना चार्ज द्यायचा होता. गिरधर नुकताच नोकरीला लागला होता, यादी घेऊन तोच आला. यादीत एक ओळ होती, 'मंगळवार सकाळ सत्र, ठराव प्रत'. त्याने विचारलं, "बाई, ही प्रत?" मी म्हटलं, "गिरधर, अशी प्रत नाही." त्याने त्या ओळीपुढे 'पाहिले' असं लिहिलं आणि मला म्हणाला, "बाई, चहा सांगू का?"

म्हणून तो तुझ्यासमोर मान खाली घालून उभा राहिला. त्याला खरं सांगता आलं असतं. मग मी उघडी पडले असते.

मी तुला पहिल्याच पत्रात हे लिहायला हवं होतं. वांग्यांचं लिहिलं.

तू मागितलेल्या दोन ओळी मी लिहू शकत नाही. सोबत निवेदन जोडलं आहे. त्यात आहे की ठराव झाला नव्हता, सकाळची शाळा मी माझ्या जबाबदारीवर सुरू केली, नंतरच्या मुख्याध्यापकांना ठराव मंजूर असल्याचं मीच सांगितलं, आणि दप्तर विभागाकडून कोणताही कागद गहाळ झालेला नाही. 'पाहिले'चं मात्र निवेदनात नाही. तेवढं मी लपवते आहे आणि समजून उमजून लपवते आहे.

एक प्रत मुख्याधिकाऱ्यांना मी परस्पर पाठवली आहे. तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे. शाळा वाचवण्यासाठी माणूस काय काय करतो, हे मला माहीत आहे.

यामुळे शाळा गेली तर ती माझ्यामुळे गेली. तू स्वतःला दोष लावून घेऊ नकोस.

वच्छलाबाई


रायखेडी
मंगळवार, १० मार्च २०२६

बाई,

तुमचं पत्र मी दुकानाच्या माळ्यावर बसून वाचलं. खाली असलम गिऱ्हाइकांना सांगत होते, मॅडम बाहेर गेल्यात.

रागही आला तुमचा. खोटं का बोललात म्हणून नाही, मला आधी का नाही सांगितलंत म्हणून. मग वाटलं, मी तरी तुम्हाला कुठे विचारलं? मी फक्त क्रमांक मागत राहिले.

सभेला जायच्या आधी भिकुबाईच्या पाटीपाशी गेले. गिरधरभाऊ तिथेच होते, आईचं पाण्याचं मडकं भरून द्यायला आलेले. मी चार बायकांच्या देखतच म्हटलं, "भाऊ, माझं चुकलं. बाईंनी सगळं लिहिलंय." ते इतके घाबरले की मडकं खाली ठेवायचं विसरले. "सगळं?" मी म्हटलं, "तुमच्या चहासकट. पण तो माझ्यापुरता." तेव्हा कुठे त्यांनी मडकं ठेवलं. भिकुबाईला काही कळलं नाही, पण तिने माझ्या पिशवीत एक जुडी टाकली.

आता सभा. मी तुमचं निवेदन अक्षर न अक्षर वाचलं. आवाज दोनदा बसला. रोजा होता, पाणी पिता येईना. मग सुपडूनाना उठले. तुम्हाला माहीत आहेत, बोलताना दोन्ही हात पोटावर ठेवतात.

"म्हणजे सभापती मॅडम, छत्तीस वर्षं ही शाळा मंगळवारी बेकायदा चालली?"

मी म्हटलं, "हो, नाना."

"आणि नगरपालिकेला पत्ताच नाही?"

तेवढ्यात मागून आवाज आला, "पत्ता होता, नाना."

गिरधरभाऊ! भर सभेत क्लार्कने बोलायचं नसतं. मुख्याधिकाऱ्यांनी वळून बघितलं, पण अडवलं नाही. भाऊंच्या हातात आठवडे बाजाराच्या लिलावाच्या शर्तींचं छापील पुस्तक होतं. बाजाराचा ठेका देताना दरवर्षी निघतं ते. त्यांनी अट अकरा वाचली: "शाळा क्रमांक चारच्या भिंतीलगतची दुकाने मंगळवारी शाळा सुटल्यानंतर, म्हणजे सकाळी अकरानंतरच मांडावीत." मग एकेक पुस्तक टेबलावर ठेवत गेले. १९९४ पासूनची, एकूण बत्तीस. मुलं सुटताना दुकानदारांशी भांडणं व्हायची म्हणून तेव्हाच्या ठेकेदाराने ही अट लेखी मागितली होती. दरवर्षी सभेने ती मंजूर केली. शाळेचं सत्र कोणी मंजूर केलं नाही, पण ते कधी सुटतं हे सगळ्यांनी सह्या करून लिहून ठेवलं!

"यंदाच्या पुस्तकावर सही कोणाची आहे?" नगराध्यक्षांनी विचारलं.

भाऊंनी पुस्तक सुपडूनानांपुढे धरलं. नानांनी चष्मा चढवला, सही बघितली, चष्मा काढला. म्हणाले, "सही तर मन्हीच शे." सगळं सभागृह हसलं, आणि बाई, नानाही हसले. पोट हलवत हसले. खाली बसताना म्हणाले, "वाचतं कोण शर्ती?"

मग मी दोन मागण्या मांडल्या. मंगळवारच्या सकाळच्या सत्राला रीतसर मंजुरी, आणि पुन्हा मोजणी, तीही मंगळवारीच, सकाळी आठ वाजता. दोन्ही मंजूर झाल्या. मोजणी १७ तारखेला आहे. प्रेमराज सरांना काल रात्री झोप आली नसेल, आज अकराला शाळा सुटल्यापासून घरोघर फिरताहेत.

तुमच्याकडे मुख्याधिकाऱ्यांचं खुलासा मागणारं पत्र येईल. ते द्यावंच लागतं म्हणाले. घाबरू नका.

साबेरा


जळगाव
१४ मार्च २०२६

चि. साबेरा,

खुलाशाचं पत्र आलं. पंचाहत्तराव्या वर्षी 'सात दिवसांत लेखी खुलासा करावा' वाचून नवल घाबरला, मी नाही. त्याच दिवशी लिहून दिला. दोन पानं झाली, त्यात एकही ओळ उतरती नाही.

सुपडूला सांग, शर्ती वाचायची सवय मी त्याला चौथीतच लावत होते. गणितातली अट न वाचता उदाहरण सोडवायचा.

मोजणीच्या दिवशी मुलांना खाऊबिऊ देऊन गोळा करू नका. जेवढी येतील तेवढी येऊ देत.

वच्छलाबाई


रायखेडी
सोमवार, २३ मार्च २०२६

आदरणीय बाई,
नमस्कार.

ईद छान झाली. शिरखुर्म्याला तुमची आठवण काढली.

मोजणी झाली. साडेसातला घंटा वाजली, तोच रुळाचा तुकडा. मी बाहेर भिंतीपाशी उभी होते, आत जायचं धाडस होईना. बाजारात गाड्या उतरत होत्या. घंटा ऐकून पाट्यांमागून, हातगाड्यांखालून पोरं निघाली. एका मुलीच्या हातात अजून मिरच्यांची पिशवी होती, आईने मागून ओरडून काढून घेतली. पथकातल्या साहेबांनी दोनदा मोजलं. ११२ पैकी १०१. अकरा कोण, तेही सरांनी सांगितलं: चार गोवराची, पाच लग्नाला गेलेली, दोन खरंच दांडी मारलेली. साहेबांनी 'पट बोगस' हा शेरा स्वतःच्या हाताने खोडून सही केली.

सगळंच जिंकलं असं नाही. सहावी-सातवीत मिळून सोळाच मुलं आहेत, ते वर्ग जूनपासून एक नंबर शाळेत जातील. त्यातल्या मुलींसाठी हायवेपर्यंत सोबतीला माणूस मागितलाय, अजून 'विचाराधीन' आहे. मी सोडणार नाही. पण चार नंबर आराखड्यातून सुटली. गिरधरभाऊंची नोटीस मागे घेतली, तुमचा खुलासा 'दप्तरी दाखल' झाला.

सोबत ठरावाची प्रत पाठवते आहे. 'शाळा क्रमांक चारचे मंगळवारचे सत्र सकाळी साडेसात ते अकरा'. खाली 'खरी प्रत' असा शिक्का आहे आणि सही गिरधरभाऊंची. सही करताना म्हणाले, "बाईंना सांगा, या वेळी खरंच पाहिले."

साबेरा


जळगाव
२७ मार्च २०२६

चि. साबेरा,
आशीर्वाद.

ठराव मिळाला. नवल म्हणाला, फ्रेम करू. मी नको म्हटलं. घडी घालून पर्समध्ये ठेवला आहे, चष्म्याच्या घरापाशी. भाजीला जाताना बरोबर असतो, देवळात जाताना बरोबर असतो.

खरं सांगू? छत्तीस वर्षं कोणी तरी येऊन विचारेल, "बाई, ठराव कुठे आहे?" म्हणून भीत होते. दारावर टकटक झाली तरी आधी तेच मनात यायचं. आता दाखवायला कागद आहे, तर विचारणारं कोणी नाही.

येत्या मंगळवारी महावीर जयंतीची सुट्टी आहे, म्हणून सात एप्रिलच्या मंगळवारी येते. आदल्या रात्री तुझ्याकडेच राहीन, म्हणजे साडेसातला शाळेत पोहोचेन. प्रेमराज सरांना म्हणावं, त्या दिवशी घंटा मला वाजवू द्या.

आणि वाजवून झाली की तू पुढे ये आणि सगळ्यांसमोर मला ठराव माग.

तुझी,
वच्छलाबाई